अर्ध्या युनिटचा फ्रिज

३ एप्रिल

धाकट्या,

काल घरी पोचले. अंगावरचे कपडे दोनदा धुतले, तरी तुमच्या फ्रिजचा वास नाकातून जायला तयार नाही. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही. म्हणून पत्र. कागदाला तुला मध्येच तोडता येत नाही.

तुझे मेहुणे गेल्यावर दुरुस्तीचं दुकान मी चालवायला घेतलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी लोकांचे फ्रिज उघडतेय. कॉम्प्रेसरमागे वाळलेले उंदीर पाहिलेत, भाजीच्या खणात पाणी होऊन गेलेली काकडी पाहिलीय. पण ते लोकांचं होतं. हे सख्ख्या आईचं घर. दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवलं तर काळा चिकट लगदा निघाला, आणि तू चष्मा पुसत म्हणालास की ती सावली आहे. सावली बोटाला चिकटत नाही रे. मागच्या पाण्याच्या ट्रेमध्ये जे हिरवं साय धरून बसलंय त्याबद्दल मी लिहीत नाही, अजून जेवायचंय मला.

वर तुझी बढाई की या घरात विजेचा एक कण वाया जात नाही. आठ दिवस मी तुमच्या प्लगला माझं छोटं मीटर लावून ठेवलं होतं. तुमचा फ्रिज दिवसाला १.७ युनिट खातो. माझा ०.७ खातो, आणि तो तुमच्याहून मोठा आहे. आंघोळीच्या पाण्याचा गीझर तू घड्याळ लावून बंद करतोस, दिवे विझवत आईच्या मागे मागे फिरतोस, आणि स्वयंपाकघरात हा बकासुर चोवीस तास बसलाय. दुसऱ्याची चूक शोधायचा तुला छापखान्यात पगार मिळतो. घरचं प्रूफ कोण वाचणार?

नवा पाठवते म्हटलं तर तुला उपकार नकोत. ठीक. आईचे गुडघे माझा जिना चढू देत नाहीत, नाहीतर तिला इकडे आणून तुला त्या लगद्याबरोबर सुखाने राहू दिलं असतं. निदान एवढं कर. दाराचं रबर बदल. मागची जाळी ब्रशने साफ कर. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, त्याला श्वास घेऊ दे. गरम पातेली आत कोंबू नकोस.

मीटर तिथेच ठेवलंय. माझ्या आकड्याच्या खाली येऊन दाखव, मग मी जन्मभर तुझ्या काटकसरीला हसणार नाही. शब्द देते.

ताई

१६ एप्रिल

ताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या नाकाला वेगळा.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भांडा पण लिहीत राहा. म्हणून लिहितो.

रविवारी फ्रिज पुढे ओढला. मागच्या जाळीवर धुळीची इतकी जाड गोधडी होती की ब्रश आत रुतून बसला. ती ओढली आणि तिच्यातून झुरळं निघाली. एक-दोन नव्हे, सगळं खानदान. पाठीवरून, हातावरून, एक बाहीत शिरलं. मी तिथेच ओकलो, ते पुसायचं काम वाढलं. तुझा तो हिरवा ट्रे मोरीत उपडा केला तेव्हा आई खुर्चीतून म्हणाली की नाकाने श्वास घेऊ नकोस. तोंडाने घेतला, तर चव लागली. ताई, तू हे बावीस वर्षं करतेस याबद्दल मला आदर वाटायला हवा होता. खरं सांगायचं तर किळसच वाटली.

रबर बदलणार नाही. कागदावर दार लावून पाहिलं, तू म्हणायचीस तसं. ओढायच्या आधीच तो खाली पडला. पण अकरा वर्षं चाललंय ते आणखी चालेल. आकडा आता १.४ आहे, फक्त घामावर.

आईच्या इन्सुलिनच्या तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम आणल्या, सारखी फेरी नको. त्या वर फ्रीजरच्या पेटीखालच्या ट्रेवर ठेवल्यात, अगदी पेटीला टेकवून. सगळ्यात गार जागा तीच ना. बघ, मलाही थोडं कळतं.

तुझ्या ०.७ वर माझा डोळा आहे.

धाकटा

२८ एप्रिल

धाकट्या,

१.४! अंगावर मूठभर मांस चढलं असेल. दाराला फट ठेवून जाळी घासणं म्हणजे फुटक्या बादलीला आंघोळ घालणं. रबर बदल, रबर बदल, रबर बदल. तीनदा लिहिलंय. प्रूफ वाचणाऱ्याला एकदा पुरायला हवं.

तुझ्या झुरळांचं कौतुक मला सांगू नकोस. परवा एका घरी गेले. घरातले सगळे वीस दिवस गावाला गेलेले, जाताना वीज वाचावी म्हणून मेन स्विच बंद केलेला, आणि फ्रिजमध्ये तीन किलो मासे. दार उघडलं आणि घरमालकीण जिन्यापर्यंत पळाली. मी कुठे पळणार? आत जे होतं ते ओतून काढावं लागलं, उचलता येत नव्हतं. ती बाई लांबून सांगत होती की वीस दिवसांचं बिल तरी वाचलं. वाचवणाऱ्या माणसांचा मला उबग आलाय. त्यांना बिल दिसतं, मासे दिसत नाहीत.

१.४ आणि ०.७ यांत दुप्पट अंतर आहे, हे तुला कुणी शिकवायला नको. आणखी काही करता येत असेल तर कर, नाहीतर हार मान आणि मला नवा फ्रिज पाठवू दे.

ताई

२० मे

ताई,

बस खाली. ०.५.

गेले अठरा दिवस रोज ०.५, एकदा तर ०.४. मीटर तुझं, प्लग तोच, फ्रिज तोच, रबरही तेच. पद्धत माझी मला माहीत. सगळंच दुकानात शिकता येत नाही. आता तो शब्द लक्षात ठेव.

दूधवाला बदलावा लागणार. त्याचं दूध दुपारपर्यंत फाटतं, आणि फाटलं की घरभर जो आंबूस वास सुटतो त्याने छापखान्यातसुद्धा माझ्या शर्टाकडे लोक बघतात. कोबीही काळा पडतो. हल्ली चांगला माल मिळतच नाही.

एक वाईट बातमी. आईची साखर खूप वाढलीय. डॉक्टरांनी डोस एकदा वाढवला, आठ दिवसांत परत वाढवला, तरी उतरत नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की आजी चोरून गोड खातात का. मी घरी येऊन डबा पाहिला. साखर कमी वाटली. आईला विचारलं, ती म्हणाली, "मी खाल्लं नाही." मी परत विचारलं, तेव्हा तिने डब्याचं झाकण लावून टाकलं. ताई, लहान मुलाने चोरून खाल्लं तर हसू येतं. पंच्याहत्तरीच्या बाईने बोटं चाटत कपाटाशी उभं राहावं, हे डोळ्यांपुढे आलं की मला शिसारी येते. डबा कपाटात घालून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या खिशात असते.

तू चार शब्द लिही तिला. तुझं ऐकते.

धाकटा

१ जून

धाकट्या,

तू मला काय समजतोस?

अकरा वर्षांचा एकदारी फ्रिज, दाराचं रबर गेलेलं, बाहेर ही लाही करणारी गरमी, आणि दिवसाला अर्धं युनिट? असा फ्रिज जगात अजून जन्मलेला नाही. बंदच करून ठेवलास तर गोष्ट वेगळी. एक तर तुला मीटर वाचता येत नाही, नाहीतर तू लबाडी करतोयस. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहायचास आणि पकडलास की रडायचास, तोच तू. दुकानातल्या पोराला आकडा दाखवला तर तो हसला. माझ्याच मीटरने माझं हसं केलंस, याचा मला इतका राग आलाय की दोन दिवस मी धड जेवले नाही.

शब्द परत घेते. खोट्या आकड्याला शब्द लागू नाही.

आईला हे वाचून दाखव: आई, हे काय चालवलंयस? धाकटा तुझ्यासाठी राबतो आणि तू त्याच्या डोळ्यांत धूळ फेकतेस? तुझी गोडाची खोड मला लहानपणापासून माहीत आहे. पाय कापायची वेळ आली तर आम्ही कुणाकडे बघायचं? या वयात खोटं बोलणं शोभत नाही. मला तुझी लाज वाटली.

एवढंच. आता पुढच्या पत्रात मीटरचा फोटो पाठव, तारखेसकट.

ताई

२७ जून

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

आई दवाखान्यात आहे. आता शुद्धीवर आहे, बोलते, धोका टळलाय असं म्हणतात. मंगळवारी सकाळी मी कामाला निघालो आणि चष्मा घरी राहिला म्हणून अर्ध्या रस्त्यातून परतलो. आई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती. अंग घामाने इतकं भिजलेलं की हातातून निसटत होती. डोळे उघडे होते आणि ती मला बाबा समजून काहीतरी विचारत होती. साखर उतरून इतकी खाली गेली होती की दवाखान्यातली नर्स आकडा बघून धावतच सुटली. अर्धा तास उशीर झाला असता तर हे पत्र वेगळं असतं.

आता खरं लिहितो. फ्रिज मी बंद ठेवत होतो. मेच्या सुरुवातीपासून. सकाळी पाच तास चालू, तेही थंडीचं बटण सगळ्यात पुढे, शेवटच्या आकड्यावर, म्हणजे पाच तासांत दिवसभराचा गारवा भरून घेता येईल. मग बंद. एकदा गार झालं की आत टिकून राहतं, असा माझा हिशेब. तू गमतीत लिहिलंस की बंदच ठेवलास तर गोष्ट वेगळी, तेव्हाच सांगून टाकणार होतो. पण तू पुढे लबाडी म्हणालीस, आणि मग मी कबूल करणार नव्हतो. मेलो असतो तरी नाही.

डोस वाढल्यामुळे बाटल्या सोमवारीच संपल्या, म्हणून दुकानातून नवी आणली. मंगळवारी आईने तीच टोचली, डॉक्टरांनी वाढवलेल्या डोसने. आणि असं झालं.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, घरी औषध कुठे ठेवता, फ्रिज नीट चालतो का. भोवती सहा-सात माणसं होती. मी म्हणालो, फ्रिजमध्येच, चोवीस तास चालू असतो. आईने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "हो. फ्रिजमध्येच."

डॉक्टर म्हणाले, मग आजींना विसर पडायला लागलाय, एकदा टोचून परत टोचलं असणार. त्यांनी ते कागदावर लिहिलं. यापुढे औषध त्यांच्या हातात देऊ नका म्हणाले. मी मान हलवली.

काल फ्रिज रिकामा केला. एक जुनी बाटली मागे सरकून पेटीखालच्या बर्फाला चिकटली होती. ओढून काढली. आधी हे औषध पाण्यासारखं निवळ असायचं. यात बारीक पांढरे कण तरंगताहेत. ते कशाचे? तुला माहीत असेल. लगेच लिही. मला ती बाटली हातात धरवत नाही, आणि तोंडात सारखं पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

धाकटा

३० जून

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस. दवाखान्यात लावला तर म्हणाले आजींना घरी सोडलं. हे पत्र हातोहात पोचवणाऱ्याकडे देतेय. शनिवारी मी येते.

ते कण म्हणजे औषध गोठून मेलेलं आहे. बटण शेवटच्या आकड्यावर ठेवून सलग पाच तास चालवलं की फ्रीजरच्या पेटीला टेकलेली वस्तू गोठते. मग तू बंद करायचास, ती वितळायची, त्यात दिवसभराची गरमी. रोज. इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं. आई रोज पाणी टोचून घेत होती. म्हणून साखर वाढली, म्हणून डोस वाढला. आणि त्या वाढलेल्या डोसने नवी, चांगली बाटली अंगात गेली. तिला कसलाही विसर पडलेला नाही. तिने एकदाच टोचलं. तिने सगळं बरोबर केलं. तुला हे आजच्या आज डॉक्टरांना सांगायला हवं. सगळ्यांसमोर खोटं बोललास, सगळ्यांसमोर खरं बोल.

आता माझं. तुझ्या एप्रिलच्या पत्रात तू लिहिलं होतंस की बाटल्या पेटीला टेकवून ठेवल्यात. ती ओळ मी वाचली होती. बावीस वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगते, की औषध मधल्या खणात ठेवा, पेटीखाली नको, भिंतीला नको. अनोळखी बायकांना सांगते. तुला उत्तर लिहिताना ते मनात आलंसुद्धा, आणि मी ते सोडून दिलं, कारण मला १.४ वर टोमणा मारायचा होता. मग ०.५ आलं. फाटलेलं दूध, काळा कोबी, आईची साखर, सगळं तू एकाच कागदावर लिहून पाठवलं होतंस. दुकानातल्या पोरानेसुद्धा ओळखलं असतं. मी त्या कागदात एकच गोष्ट शोधली, की तू मला हरवलंस की नाही. आणि वर आईला तिची लाज वाटते असं लिहिलं, तुझ्या तोंडाने तिला ऐकवायला लावलं.

मासे ओतले त्या दिवशीसुद्धा मला इतकी घाण वाटली नव्हती.

शनिवारपर्यंत तू डॉक्टरांना सांगितलं नसशील तर मी सांगेन.

ताई

४ जुलै

पोरांनो,

दोघांना एकच पत्र, दोन वेळा लिहिलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, हात अजून थरथरतो. डोकं थरथरत नाही.

मी मावशीकडे आलेय. बुधवारी धाकटा कामावर गेल्यावर शेजारच्या रिक्षावाल्याला बोलावलं आणि आले. चिठ्ठी ठेवली नाही. तुमच्या घरात हल्ली कागद फार झाले.

फ्रिज बंद असतो हे मला माहीत होतं. दिवसभर घरात मी असते, त्याचा आवाज बंद झाला की कळत नाही का? बोलले नाही. धाकटा तो आकडा बघून शीळ घालायचा. बाबा गेल्यापासून त्याने शीळ घातली नव्हती. वाटलं, दूधच फाटतंय ना, फाटू दे. औषधाचं माझ्या डोक्यात आलं नाही. ते कळायला माझी लेक फ्रिजवाली आहे, असं मी समजून होते.

साखर मी खाल्ली नव्हती. एकदाही नाही. दोघांनी वाचलंत? परत वाचा. मी एकदा सांगितलं, ते तुम्हाला पुरलं नाही. त्या कुलपाचा आवाज आला की मला स्वतःच्या पोटच्या पोराची किळस यायची, आणि असं वाटलं म्हणून मग माझी मलाच यायची. ताईचं पत्र त्याने वाचून दाखवलं, मान वर न करता, सलग. त्या दिवसापासून मी तुमच्यापैकी कुणाशी मनापासून बोललेले नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल.

दवाखान्यात मी त्याला सावरलं. लहानपणापासून सावरत आलेय, तोंडातून आपोआप गेलं. दुसऱ्या दिवशी पस्तावले आणि डॉक्टर आले तेव्हा मीच सांगितलं. फ्रिज बंद असायचा, मुलगा लाजेने खोटं बोलला, मी एकदाच टोचलं. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात थोपटून नर्सला म्हणाले, "आता यांना असंही वाटायला लागलंय."

मावशी मला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोस त्यांनी कमी केला, तब्येत ठीक आहे. पण दवाखान्याचा कागद त्यांनी पाहिला, आणि त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या भुकेबद्दल, झोपेबद्दल मावशीला विचारलं. मी शेजारीच बसले होते. सुई मावशी टोचते, तिचे हात माझ्याहून जास्त कापतात. काल मी म्हणाले की दुपारी जेवले आहे, तर तिने पातेलं उघडून खात्री करून घेतली. सख्खी बहीण माझी. तिचा दोष नाही. कागदावर लिहिलंय.

ताई, तू शनिवारी येणार असं धाकट्याच्या टेबलावरच्या पत्रात वाचलं. इकडे येऊ नकोस. धाकट्या, तूही नको. रडत येऊ नका, फळं घेऊन येऊ नका, नवा फ्रिज पाठवू नका.

आधी दोघांनी मिळून त्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. त्या सहा-सात माणसांसमोर बोलायचं. आणि मला विसर पडतो हे जे त्यांनी लिहिलंय, ते त्यांच्याच हाताने खोडून, खाली त्यांची सही घेऊन, तो कागद आणायचा. तो हातात असेल तर या. नसेल तर मावशी दार उघडणार नाही. तिला मी तसं सांगून ठेवलंय, आणि एवढं तरी ती माझं ऐकते.

आई